तलाव सुशोभित झाला, पाणी हिरवंच! काय करता येईल? (ठाणे)

येऊरचा_वारा

नमस्कार मंडळी,

ठाण्यातल्या एका मध्यम आकाराच्या तलावाबद्दल लिहितोय. नाव मुद्दाम देत नाही. दिलं की पहिल्या दहा प्रतिसादांत नगरसेवक कुठल्या पक्षाचा यावर गाडी घसरणार, आणि पाणी राहील बाजूला. ठाणेकरांना अंदाज येईलच, आला तरी पोटात ठेवा.

गेल्या काही वर्षांत या तलावाला सगळं मिळालं. कठडा झाला, पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक झाला, ओपन जिम आली, 'आय लव्ह' वाली लाल अक्षरं आली, संध्याकाळी रंग बदलणारं कारंजं आलं. आधी काठ उतरता होता, गवत आणि चिखल होता, तिथे आता काँक्रीटची उभी भिंत आहे. पाणी मात्र पातळ केलेल्या पालकाच्या भाजीसारखं. दुपारी वास कमी, पहाटे जास्त.

यंदा मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काठाला मासे पांढरी पोटं वर करून. चिलापी, कटला, सगळेच. पालिकेची माणसं आली, मासे गोळा केले, पावडर टाकली, नमुना नेला. नंतर कळलं की पाण्यातला प्राणवायू 'समाधानकारक' आला! मग मासे काय आत्महत्या करून मेले?

आम्ही सकाळी फिरणारे आठ-दहा जण काहीतरी करायच्या विचारात आहोत. एक गट म्हणतो गाळ काढायची मागणी करू. दुसरा म्हणतो जिवाणूंची पावडर टाकणारी कंपनी बोलवू. तिसरा म्हणतो विसर्जन बंद करा, सगळं नीट होईल. कोणी असं काम केलं असेल, जवळून पाहिलं असेल, तर सुरुवात कुठून करायची ते सांगा.

कळव्याची_कुंदा

वाचतेय. आमच्याकडेही हाच सिनेमा आहे, फक्त कारंजं बंद पडलंय.

पाणकावळा

वारा साहेब, 'समाधानकारक' चं कोडं सोपं आहे. नमुना किती वाजता घेतला ते विचारा. बहुतेक अकरा-बाराच्या पुढे घेतला असणार, कारण माणसं तोपर्यंत पोचतात.

हिरवं पाणी म्हणजे शेवाळाचे बारीक जीव. दिवसा ऊन असतं तोवर ते प्राणवायू सोडतात. ३० अंशाच्या पाण्यात साधारणपणे लिटरला साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, पण भर दुपारी अशा तलावात त्याहूनही जास्त सापडतो. सूर्य मावळला की कारखाना बंद. रात्रभर तेच शेवाळ, मासे आणि तळातल्या घाणीतले जिवाणू मिळून प्राणवायू खात बसतात. पहाटे चार ते सहा हा सगळ्यात वाईट काळ. माशांना नीट जगायला लिटरला चार मिलिग्रॅम तरी लागतात, आणि तेव्हा आकडा एकाच्याही खाली गेलेला असू शकतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडबंद करताना दिसतात ते याच वेळी. लोकांना वाटतं खायला मागताहेत, म्हणून पाव टाकतात. तो पाव कुजायलाही प्राणवायूच लागतो.

वळवाच्या पावसाचं वेगळंच. तो ज्या नाल्यातून येतो त्यात चार-पाच महिन्यांची घाण साठलेली असते, ती एका तासात तलावात. वर पावसाचं थंड पाणी जड म्हणून खाली जातं आणि तळाचं बिनप्राणवायूचं, सडक्या अंड्याच्या वासाचं पाणी वर ढकलतं. पुढचे दोन दिवस ढग असले तर शेवाळाला ऊनही नाही. मासे मरणारच.

तुमचं ते रंगीत कारंजं कधी चालू असतं?

येऊरचा_वारा

संध्याकाळी सात ते दहा. लोक फिरायला येतात तेव्हा.

पाणकावळा

तेच म्हणतोय. माशांना पहाटे तीनला हवंय. वीजबिल तेवढंच ठेवून वेळ बदलून घ्या. एक अर्ज, शून्य खर्च. अर्थात कारंजं वरच्या फूट-दीड फुटालाच हवा देतं. तळाशी जाळीतून बुडबुडे सोडणारी यंत्रणा जास्त कामाची, पण ती फोटोत दिसत नाही, त्यामुळे तिचं उद्घाटन करायला कोणी येत नाही.

चरईकर

मी सत्तरीचा आहे, मला थोडं आठवणीत जाऊ द्या. ठाण्याला साठच्या वर तळी होती असं आमचे वडीलधारे सांगायचे, आता पस्तीसच्या आसपास धरतात. शिलाहारांची राजधानी इथे होती, श्रीस्थानक, तेव्हापासूनची ही तळी. मासुंदा तर कौपिनेश्वराच्या पायरीपर्यंत होता म्हणतात. आज देवळातून तलावाकडे जायचं तर रस्ता ओलांडावा लागतो, रिक्षावाल्याच्या शिव्या खात.

बाकीची तळी कुठे गेली? कोणी बुजवलं म्हणून बोर्ड लावत नाही. आधी एका कोपऱ्यात डेब्रिज पडतं, त्यावर टपरी येते, मग मैदान, मग मैदानावर आरक्षण बदलतं. तेव्हा माझं म्हणणं, कठडा झाला त्याला फार नावं ठेवू नका. कठड्यामुळे निदान तलावाची हद्द कायम झाली. ज्या तळ्यांना कठडा नव्हता ती आज सापडत नाहीत.

पाणकावळा

काका, हद्दीचं मान्य. पण हद्द कठड्याशिवायही ठरते. सिटी सर्व्हेचा नकाशा आणि मोजणी करून दगड रोवले की झालं. उभ्या भिंतीनं काय होतं सांगतो. वंचक, म्हणजे तो मातकट रंगाचा बगळा, घोटाभर पाण्यात उभा राहून मासे पकडतो. भिंत आली की घोटाभर पाणीच उरत नाही, एकदम छातीभर. बेडकाला अंडी घालायला गवत नाही, पडलेल्या कासवाला वर यायला उतार नाही. शिवाय काठावरची लव्हाळी आणि पाणकणीस पाण्यातलं नत्र-स्फुरद (नायट्रोजन-फॉस्फरस, शेवाळाचं खत) शोषून घेतात, ते कामही बंद. निदान एका बाजूला पंधरा-वीस मीटर उतरता काठ मागा.

श्रावणसर

सगळे शेवाळ-शेवाळ करताय, पण मुख्य दोषी कोण? प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती. विसर्जन पूर्ण बंद करा, तलाव वर्षात स्वच्छ होतो की नाही बघा. पैज लावतो.

कळव्याची_कुंदा

श्रावणसर, पैज हराल. ठाण्यात मासुंदा, रायलादेवी, उपवन, आंबेघोसाळे अशा ठिकाणी कृत्रिम तलाव कितीतरी वर्षांपासून बांधतात. आमच्या घरचा गणपतीही तिथेच जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची विसर्जनाची नियमावली २०१० ची, २०२० मध्ये ती आणखी कडक झाली. २०२५ मध्ये उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच असं ठरलं. तरीही वाऱ्यांच्या तलावाचं पाणी जानेवारीतही हिरवं आणि मे महिन्यातही. गणपती मे महिन्यात कुठून आले?

पाणकावळा

कुंदाताईंना जोरात +१. पीओपीचा त्रास खरा आहे, तो विरघळत नाही, तळाशी थर बसतो आणि रंगात शिसं-क्रोमियमसारखे धातू असतात. पण त्यानं पाणी हिरवं होत नाही. हिरवं होतं नत्र आणि स्फुरद यांनी, आणि ते येतं संडास-मोरीच्या पाण्यातून आणि कपड्यांच्या पावडरीतून, वर्षाचे ३६५ दिवस.

जाता जाता, शाडूची मूर्तीसुद्धा तलावात नको. माती आहे म्हणून ती कुठे जात नाही, गाळ म्हणून खालीच बसते. घरी बादलीत विरघळवा, पुढच्या वर्षी तीच माती वापरा. पीओपीची मूर्ती आणलीच असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं शोधलेली अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत आहे, चार-आठ दिवसांत मूर्ती खडूच्या भुकटीत बदलते. वर उरलेलं पाणी म्हणजे अमोनियम सल्फेट, खतच ते. भरपूर पाणी घालून झाडांना द्या, गटारात ओतू नका. गटार कुठे जातं ते आता कळलंच आहे.

ड्रेनेजवाले_काका

उशिरा आलो. नोकरीची पस्तीस वर्षं मलनिस्सारणात गेली, आता निवृत्त. कुठल्या गावी ते सोडा.

वारा, तुमचे तिन्ही गट चुकीच्या टोकाला उभे आहेत. तलावाकडे पाठ करा आणि नाल्याकडे तोंड करा. तलावात पाणी कुठून येतं? पावसाळी गटारातून. ते गटार पावसासाठी. मग मार्च-एप्रिलमध्ये ते कोरडं ठणठणीत असायला हवं. पाऊस नसताना त्यात पाणी वाहतंय म्हणजे ते सांडपाणी. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, डोळे लागतात.

तर आधी तलावात उघडणारी तोंडं मोजा. पाण्याच्या पातळीच्या खालीही एखादं असतं, कडेला बुडबुडे किंवा करडा पट्टा दिसतो तिथे. मग एकेका तोंडापासून उलट चालत जा. प्रत्येक चेंबरचं झाकण उघडायची गरज नाही (आणि उघडू नका, आत विषारी वायू असतो, त्यानं माणसं मेली आहेत), जाळीतून बघितलं तरी पुरे. जिथे आधी कोरडं होतं आणि पुढे ओलं झालं, त्या दोहोंच्या मधे चोर आहे. वेळ निवडा सकाळी सात ते नऊची, घराघरांत पाणी वापरायची तीच वेळ.

पाण्याकडे नीट बघा. साबणाचा फेस आणि निळसर दुधी रंग असेल तर मोरी किंवा वॉशिंग मशीन. तेलाचा तवंग आणि भाताची शितं असतील तर हॉटेल. काळं आणि वास असेल तर सेप्टिक टाकी किंवा तुंबलेली मलवाहिनी. मलवाहिनी तुंबली की वरचं चेंबर भरतं आणि ते सरळ शेजारच्या पावसाळी गटारात उतरतं. पुष्कळदा कोणीतरी मुद्दामच मधे भोक पाडून ठेवलेलं असतं, 'तात्पुरतं' म्हणून. त्या भोकाला वीस वर्षं झालेली असतात.

हे करा, मग परत या धाग्यावर. तोवर गाळ काढायचा अर्ज देऊ नका. नळ चालू ठेवून फरशी पुसण्याला अर्थ नाही.

नेरुळची_मैना

ठाणेकरांनो, खाडीपलीकडून दोन ओळी. आमच्या नवी मुंबईतली बरीच तळी तुमच्यासारखी नाहीत, तिथे तुमचा उपाय लावला तर वाट लागेल. सिडकोनं शहर वसवताना धारण तलाव केले, भरतीच्या वेळी दारं बंद आणि ओहोटीला पाणी खाडीत. त्यांत आता खारफुटी वाढली आहे, म्हणून गाळ काढायचा तर परवानगीचा घोळ.

नेरुळचा डीपीएस तलाव तर खाऱ्या पाण्याचा, फ्लेमिंगोंचा. त्याला भरती-ओहोटी हवी. पाण्याची वाट बुजली आणि वर शेवाळाचा जाड थर आला, पक्षी दिसेनासे झाले. तिथे पाणी येऊ देणं हाच उपाय. लोक भांडले, २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून त्याला मान्यता दिली. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, २०२२ मध्ये ते रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) गेलं, पण पक्षी भरतीच्या वेळी येऊन बसतात ते अशा बाजूच्या तळ्यांवर.

म्हणजे तुमच्याकडे येणारं पाणी अडवायचं, आमच्याकडे अडवलेलं सोडायचं.

येऊरचा_वारा

मैनाताई, हे माहीतच नव्हतं.

काका, तुम्ही सांगितलं तसं केलं. रविवारी नको म्हणालो, कारण रविवारी लोक उशिरा उठतात. आमच्यातल्या दोघी निवृत्त शिक्षिका वहीत नकाशा काढत होत्या, बाकी आम्ही वाकून जाळ्यांत बघत होतो. एका वॉचमननं विचारलं, "काय हरवलं काका?"

तलावात उघडणारी पाच तोंडं. तीन कोरडी, अगदी आत मांजर झोपलेलं. एक थेंब-थेंब. पाचवं मात्र मनगटाएवढ्या धारेनं चालू, आणि फेस. उलट चालत गेलो. फेस एका वळणाशी दोन वाटांनी येत होता. डावी वाट एका वस्तीकडे जाते. उजवी वाट तीन मोठ्या सोसायट्यांच्या मागून. उजवीकडच्या पाण्याला चक्क लव्हेंडरचा वास! हसू नका. सॉफ्टनरचा वास होता.

एका सोसायटीच्या प्लंबरला पकडलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, हे बाल्कनीचं पाणी." बिल्डरनं बाल्कनी उघडी दिली होती, तिच्यातून पावसाचं पाणी खाली न्यायला उभा पाइप. लोकांनी बाल्कनी बंद करून तिथे वॉशिंग मशीन ठेवलं. मशीनचा नळा सरळ पावसाच्या पाइपात. तो पाइप खाली पावसाळी चेंबरमध्ये, तिथून गटार, तिथून तलाव.

खात्री करायला प्लंबरनंच युक्ती काढली. सहाव्या मजल्यावरच्या एका काकूंनी बादलीभर पाण्यात खायचा केशरी रंग कालवून बाल्कनीच्या जाळीत ओतला. मी खाली गटाराच्या जाळीशी फोन धरून उभा. जरा वेळात केशरी धार आली! काकू वरून ओरडून विचारताहेत, "आलं का हो?" अख्ख्या विंगच्या खिडक्या उघडल्या.

पाचपाखाडी_पप्पू

सोसायट्यांचं जाऊ द्या. डाव्या वाटेवरच्या झोपडपट्टीबद्दल का नाही बोलत? खरी घाण तिथूनच येते. आधी त्यांना उठवा.

लोकमान्यची_लता

पप्पूभाऊ, मी तशाच एका वस्तीत राहते, म्हणून सांगते. आमच्या गल्लीत मलवाहिनीच टाकलेली नाही. सार्वजनिक शौचालय आहे, त्याखाली टाकी आहे, ती उपसायला गाडी वेळेवर आली नाही की भरून वाहते. धुण्याभांड्याचं पाणी दारातल्या गटारात, कारण दुसरी जागाच नाही. आम्हाला हौस आहे का दारात वास घ्यायची? मलवाहिनी द्या, सगळ्यात आधी आम्हीच जोडून घेऊ. तुमच्या टॉवरला मलवाहिनी असून सॉफ्टनर तलावात जातो, त्याचं काय?

पाचपाखाडी_पप्पू

आमचा टॉवर नाही, चाळच आहे. पण मुद्दा पोचला.

संपादक

यानंतरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. कोण कुठून आलं हा विषय पाण्याचा नाही. छठपूजेवरचा वादही नवीन धाग्यावर न्या, किंवा नेऊ नका.

ड्रेनेजवाले_काका

शाब्बास वारा! लता ताई अगदी खरं बोलल्या. दोन वाटांना दोन औषधं.

उजवी वाट सोसायट्यांनी स्वतः दुरुस्त करायची, त्यात पालिकेचं काही अडत नाही. डाव्या वाटेला मलवाहिनी पडेपर्यंत वर्षं जातील. तोवर तलावाच्या अलीकडे गटारात छोटा बांध घालून उन्हाळ्यातलं पाणी एका चेंबरमध्ये वळवायचं आणि तिथून जवळच्या मलवाहिनीत सोडायचं, उतार नसेल तर पंपानं. पावसाळ्यात पाणी वाढलं की बांधावरून उडी मारून तलावात जातं. अडवून वळवणं एवढंच ते. पण पंप म्हटला की दोन पंप मागा, एक बंद पडणारच. आणि चेंबरमधला कचरा कोण काढणार ते निविदेतच लिहून घ्या, नाहीतर पहिल्या पावसात थर्माकोलनं बुजेल.

जिवाणू_विशेषज्ञ

नमस्कार. आमच्या प्रगत जैविक द्रावणाने कोणताही तलाव ४५ दिवसांत पारदर्शक होतो. मोफत पाहणीसाठी व्यक्तिगत निरोप पाठवा.

कळव्याची_कुंदा

आले! मी वाटच बघत होते.

पाणकावळा

हसण्यावारी नेऊ नका, कारण असे प्रस्ताव पालिकेकडेही जातात. जिवाणू सेंद्रिय घाण खातात हे खरं. पण नाला चालू असेल तोवर दर महिन्याला पावडर टाकत राहावी लागते, थांबलात की पाणी पुन्हा हिरवं. त्या मधल्या दिवसांत 'आधी-नंतर' चे फोटो निघतात. कोणी आलंच तर तीनच प्रश्न विचारा. येणारी घाण किती आणि कशी मोजलीत? प्राणवायू पहाटे मोजाल का? पैसे सहा महिन्यांनी घ्याल का? तिसऱ्याला बहुतेक फोन कट होतो.

तरंगत्या बेटांचंही तसंच. वाळा, कर्दळ लावलेले तराफे चांगले, मुळं नत्र ओढतात, पक्षी बसतात. पण मोठ्या तलावात चार तराफे म्हणजे शोभाच. आणि कर्दळ वेळच्या वेळी कापून बाहेर न्यावी लागते. कापली नाही तर ती पाण्यात कुजते, शोषलेलं सगळं परत पाण्यात. जलपर्णीचं हेच होतं. काढून काठावर ढीग घालतात, पावसात तो ढीग पुन्हा तलावात.

चरईकर

मग गाळ काढायचा की नाही? एका ओळीत सांगा बुवा.

पाणकावळा

काका, काढायचा, पण नाला बंद झाल्यावर. गाळात वर्षानुवर्षांचं स्फुरद साठलेलं असतं. तळाला प्राणवायू असेल तोवर ते लोहाशी बांधलेलं राहतं, प्राणवायू संपला की सुटून पाण्यात येतं. म्हणून नाला बंद करूनही एक-दोन वर्षं पाणी हिरवट राहू शकतं आणि लोक म्हणतात 'काय उपयोग झाला?' तेव्हा गाळ काढायला अर्थ आहे. काढलेला गाळ तपासल्याशिवाय बागेत टाकू नका, धातू असू शकतात. आणि मे अखेरीस काढून काठावर ठेवला तर कंत्राटदाराला पुढच्या वर्षीही तोच गाळ काढायला मिळेल.

एका ओळीत झालं नाही, माफ करा.

येऊरचा_वारा

एक अडचण आमच्या एका सदस्यानं काढली. पाचवं तोंड बंद केलं तर उन्हाळ्यात तलाव आटेल ना? आत्ता बारा महिने काठोकाठ असतो, तोच लोकांना आवडतो.

ड्रेनेजवाले_काका

बारा महिने काठोकाठ आहे कारण बारा महिने गटार येतंय. कोकणपट्टीत उन्हाळ्यात रोज पाच-सहा मिलिमीटर पाणी वाफ होऊन उडतं. फेब्रुवारी ते जूनच्या सुरुवातीपर्यंत धरलं तर दोन फूट पातळी उतरेल. उतरू द्या. तलावानं उन्हाळ्यात उतरायचंच असतं, ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जुलैत पुन्हा भरेल. गच्चीवरचं पावसाचं पाणी त्याच पाइपातून येऊ द्या, फक्त साबण काढा त्यातून.

पाणकावळा

आणि दोन फूट उतरलं की काठाला चिखल उघडा पडतो, वंचक आणि तुतारी (चिखलात टिपणारा छोटा पक्षी) तिथेच चरायला येतात. ट्रॅकवर मात्र 'तलाव आटला, प्रशासन झोपलंय' अशा पोस्ट येतील, त्याची तयारी ठेवा. आधीच एक फलक लावा.

अ‍ॅडव्होकेट_आजोबा

कायद्याचं थोडक्यात. २००१ च्या हिंचलाल तिवारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तळी ही सार्वजनिक संपत्ती आहे, ती राखली पाहिजेत असं स्पष्ट म्हटलंय, बुजवण्याच्या भानगडीत ते कामाला येतं. प्रदूषणासाठी १९७४ चा जल कायदा. पण वारा, तुम्ही कोर्टाच्या पायरीवर जाण्याइतकं अजून काही घडलेलं नाही. माहितीच्या अधिकारात एवढंच मागा: गेल्या तीन वर्षांत पाण्याचे नमुने कधी, किती वाजता आणि तलावाच्या कुठल्या कोपऱ्यात घेतले, त्यांचे अहवाल, आणि सुशोभीकरणाच्या अंदाजपत्रकात नाला वळवण्यासाठी किती तरतूद होती. एका अर्जात एकच विषय ठेवा. केंद्राच्या अमृत २.० या शहरी पाणी-मलनिस्सारणाच्या योजनेत तलाव पुनरुज्जीवन बसतं, २०२१ पासूनची योजना आहे, प्रस्ताव पालिकेनं पाठवायचा असतो. प्रभाग समितीत अर्ज देताना काकांचा तो बांध आणि दोन पंप चित्र काढून जोडा. चित्र असलं की अभियंता वाचतो.

येऊरचा_वारा

आजोबा, अर्ज टाकला. कारंजाची वेळ बदलायचा अर्जही दिला, तिथल्या कर्मचाऱ्यानं 'पहाटे कारंजं कोण बघणार?' असं विचारलं. मासे, म्हणालो. त्यानं हसून शिक्का मारला.

तीनपैकी दोन सोसायट्यांच्या कमिट्या तयार आहेत. तिसरीचे सचिव म्हणतात मशीन प्रत्येकाचं खासगी, पाइपही प्रत्येकानं आपल्या खर्चानं बदलावा, सोसायटी का भरेल? आणि पहिल्या मजल्यावरचे म्हणतात, वरून नवीन पाइप आमच्या भिंतीवरून आणू देणार नाही. आता बोला.

ड्रेनेजवाले_काका

नवीन पाइप भिंतीवरून आणायची गरज बहुतेक ठिकाणी नाही. बाल्कनीच्या आतल्या बाजूला स्वयंपाकघर असेल तर मशीनचा नळा तिथल्या सिंकच्या पाइपात जातो, भिंतीला एक भोक. जिथे ते जमत नाही तिथे खालीच उपाय करा: पावसाच्या उभ्या पाइपाच्या तळाशी चेंबर बांधून उन्हाळ्यात त्याचं तोंड सोसायटीच्या सांडपाण्याच्या चेंबरकडे आणि जूनला पावसाळी गटाराकडे फिरवायचं. एका विंगला एक चेंबर, खर्च सोसायटीचा. पावसाळ्यात साबण जाईलच थोडा, पण आठ महिने वाचले.

लोकमान्यची_लता

काका, ते तोंड जूनला फिरवायला विसरले तर?

ड्रेनेजवाले_काका

तर पहिल्या मोठ्या पावसात सोसायटीच्या आवारात सांडपाणी वर येईल. एकदा आलं की पुन्हा विसरत नाहीत.

कळव्याची_कुंदा

आमच्या इमारतीतही बाल्कनीतच मशीन आहेत. रविवारी केशरी रंग आणतेय. प्लंबरला सिंकचा जोड करायला सांगताना अजून काय सांगू?

ड्रेनेजवाले_काका

जोडाला पी-ट्रॅप, म्हणजे खाली वाकवलेला पाइप, टाकायला सांगा, त्यात पाणी धरून राहतं. नाहीतर गटाराचा वास आणि झुरळं दोन्ही थेट स्वयंपाकघरात येतील, आणि नवरा म्हणेल तलाव गेला खड्ड्यात.